दुर्बिणीची थरथर: रिंगा, पट्टी आणि सॅडल स्वतः बनवताना

उत्तररात्र (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार.

दुर्बीण घेतली की थोड्याच दिवसांत प्रत्येकाचं लक्ष आयपीसकडे (डोळा लावायच्या भिंगाकडे) वळतं. मग बार्लो (विवर्धन वाढवणारं भिंग), मग मोठा आरसा. माझं ठाम मत झालंय की यातल्या कशालाही हात घालण्याआधी नळी माउंटवर (तिला पेलून फिरवणाऱ्या यंत्रणेवर) जिथे बसते तो जोड तपासावा. लहान आणि मध्यम दुर्बिणींचं सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. आरसा घासणं फार थोड्यांना जमतं, पण पट्टी कापून तिला नीट भोकं पाडणं बहुतेकांना जमेल.

माझी दुर्बीण १३० मिमी व्यासाची, ६५० मिमी नाभीय अंतराची न्यूटोनियन, म्हणजे आरशाची. ती आली तेव्हा एक आखूड डोव्हटेल (तिरक्या कडांची) पट्टी दोन बारक्या स्क्रूंनी थेट नळीच्या पत्र्यावर बसवलेली होती. नळी धरणाऱ्या रिंगा नाहीतच. फोकसच्या चाकाला बोट लागलं की गुरू नाचायला लागायचा, आणि तो थांबेपर्यंत फोकस नेमका कुठे जुळला होता ते हुकलेलं असायचं. पत्रा पातळ, त्यामुळे पट्टीच्या मुळाशी तो डब्याच्या झाकणासारखा आत-बाहेर व्हायचा.

थोडा हिशेब करू, म्हणजे हे किती नाजूक प्रकरण आहे ते लक्षात येईल. १ विकला (अंशाचा ३६०० वा भाग) म्हणजे १ मीटर अंतरावर साधारण ५ मायक्रॉन. २०० मिमी लांबीच्या पट्टीचं एक टोक फक्त १ मायक्रॉन उचललं गेलं तरी दुर्बिणीची नजर आकाशात १ विकला सरकली. आता दुर्बीण किती जवळचे दोन तारे वेगळे दाखवू शकते ते सांगणारा डॉज यांचा नियम घ्या: ११६ ला आरशाच्या मिलिमीटरमधल्या व्यासाने भागायचं. १३० मिमीला उत्तर येतं सुमारे ०.९ विकला. म्हणजे आरसा जे बारकावे दाखवू शकतो ते पुसून टाकायला जोडातली मायक्रॉनभर हालचाल पुरते.

मी काय केलं ते थोडक्यात:

जुनी पट्टी काढली. १८ मिमी प्लायवूडच्या दोन रिंगा बनवल्या. त्यांच्याखाली १२ मिमी जाड, ४४ मिमी रुंद, ३०० मिमी लांब ॲल्युमिनियमची पट्टी, तिच्या दोन्ही कडा डोव्हटेलच्या उतारात. रिंगांमधलं अंतर २२० मिमी. वरच्या बाजूनेही रिंगा ६ मिमीच्या पट्टीने जोडल्या. ही वरची पट्टी फार महत्त्वाची आहे. खाली एकच पट्टी असली तर रिंगा आपापल्या पायावर डोलतात. वरून बांधल्या की चौकट तयार होते आणि पीळ पडणं जवळजवळ थांबतं. शिवाय उचलायला मूठ मिळते.

आधी नळीवर टिचकी मारली की प्रतिमा शांत व्हायला चार-पाच सेकंद लागायचे. आता सेकंदाच्या आत थांबते. तोच ट्रायपॉड, तोच माउंट, तोच आरसा.

नवखा_तारा

वा, काय सुंदर काम! माझीही अशीच दुर्बीण आहे. पण माझा रोग हाच आहे की दुसरा, हे कसं ओळखायचं? उगाच पट्टी बनवायची आणि दोष ट्रायपॉडचा निघायचा.

डॉबवाला

+१. माझ्या मते दहातल्या सात वेळा ट्रायपॉडच दोषी असतो. पाय पूर्ण लांबवून वापरतात लोक.

उत्तररात्र

डॉबवाला, पाय आखूड ठेवावेत हे शंभर टक्के मान्य. तरी अंदाजाने ठरवू नये, कसोटी सोपी आहे.

@नवखा_तारा, एक ठळक तारा जास्त विवर्धनात आणा. एकाने आयपीसला डोळा लावायचा, डोकं नळीला टेकवायचं नाही. दुसऱ्याने एका बोटाने हलकेच, साधारण सारख्याच जोराने ढकलत जायचं: आधी नळीचं तोंड, मग नळी पट्टीजवळ, मग खुद्द पट्टी, मग सॅडल (माउंटवरची पट्टी धरणारी खाच), मग माउंटचं डोकं, मग ट्रायपॉडचा माथा. नळीला पट्टीजवळ ढकलल्यावर तारा खूप सरकला आणि पट्टीला ढकलल्यावर जेमतेम, तर दोष त्या दोघांच्या मधे. पट्टी आणि माउंटचं डोकं दोन्हीकडे सारखाच सरकला तर आणखी खाली शोधा.

दुसरी कसोटी उजेडातही करता येते. बोटाचं टोक जोडाच्या बरोबर फटीवर ठेवायचं, अर्धं या भागावर अर्धं त्या भागावर, आणि दुसऱ्या हाताने नळी हळू हलवायची. दोन भाग एकमेकांवर सरकत असतील तर डोळ्याला काही दिसत नाही, पण बोटाला लगेच कळतं. प्रत्येक जोडावर हे करत खाली जा. गंमत म्हणजे जिथे आपला संशय नसतो तिथेच बहुधा सापडतं.

चकलेथ

उत्तम धागा. दोन शब्द माझ्याकडूनही, कारण धातूकाम रोजचंच आहे.

पट्टी निवडताना लोक मिश्रधातूच्या नंबरात अडकतात. ६०६१ टी६ हवं का, दुसरं चालेल का. मजबुतीत फरक पडतो, पण ताठपणात नाही. सगळ्या ॲल्युमिनियम मिश्रधातूंचा यंगचा गुणांक (ताठपणाचं माप) ७० गिगापास्कलच्या आसपासच असतो. आपल्या कामात पट्टी तुटण्याचा प्रश्नच नाही, वाकण्याचा आहे. म्हणून हाताशी असेल ते घ्या, फक्त जाड घ्या. वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाने वाढतो: ६ मिमीची १२ मिमी केली की वजन दुप्पट, ताठपणा आठपट.

स्टीलचा गुणांक २०० च्या आसपास, म्हणजे जवळपास तिप्पट. पण घनताही जवळपास तिप्पट. तेवढ्याच वजनात ॲल्युमिनियमची पट्टी तिप्पट जाड मिळते, आणि ती स्टीलच्या पट्टीपेक्षा सुमारे नऊपट कमी वाकते. म्हणून इथे ॲल्युमिनियम.

आता आटे. दुर्बिणीच्या कामात दोन जातीचे बोल्ट कायम एकमेकांत मिसळतात: एम६ (६ मिमी व्यासाचा) आणि कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडचा पाव इंची. एम६ चा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १ मिमी, पाव इंचीला इंचाला २० आटे म्हणजे १.२७ मिमी, आणि व्यास ६.३५. एम६ बोल्ट पाव इंची भोकात सहज शिरतो, थोडा फिरतो आणि धरल्यासारखा वाटतो. तो धरलेला नसतो. उलट पाव इंची बोल्ट एम६ मध्ये जोर लावून घातला तर ॲल्युमिनियमचे आटे गेलेच समजा. डबे वेगळे ठेवा.

एम६ साठी ५ मिमी ड्रिल, पाव इंचीसाठी ५.१. आधी सेंटर पंच, मग ३ मिमीचं भोक, मग पूर्ण मापाचं. टॅप (आटे पाडायचं हत्यार) भोकाला काटकोनात उभा राहिला पाहिजे. एका लाकडी ठोकळ्याला ड्रिल प्रेसवर सरळ भोक पाडून तो टॅपला आधार म्हणून वापरा. रॉकेलचे दोन थेंब टाकायचे, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. मागे घेताना चुरा तुटल्याची बारीक कचकच हाताला जाणवते. ती जाणवली नाही तर टॅप बाहेर काढून साफ करा, पुढे रेटू नका. ॲल्युमिनियममध्ये आट्यांची खोली बोल्टच्या व्यासाच्या दीडपट ते दुप्पट ठेवावी, म्हणजे एम६ ला ९ ते १२ मिमी. १२ मिमीच्या पट्टीत हे अगदी नीट बसतं.

नवखा_तारा

मिलिंग मशीन नसताना डोव्हटेलचा उतार कसा काढायचा?

उत्तररात्र

मी कोन मोजायच्या भानगडीत पडलो नाही. सरकत्या गुण्याने जुन्या पट्टीवरून उचलला आणि त्याच उतारात लाकडाचा ठोकळा कापला. पट्टी व्हाइसमध्ये उभी धरली, ठोकळा तिला चिकटवून क्लँप केला आणि कानस ठोकळ्याच्या उतारावर टेकवून चालवली. आधी भरड कानस, मग बारीक. कानशीच्या दातांत ॲल्युमिनियम भरतं, म्हणून खडू घासून घ्या आणि तारेच्या ब्रशने वरचेवर साफ करा. वेळ लागतो, पण ज्या बाजूला सॅडलचा पक्का जबडा टेकतो ती कड पूर्ण लांबीभर सरळ आली पाहिजे. तिकडे कंटाळा नको. दुसऱ्या कडेवर स्क्रू दाबतात, तिथे थोडं इकडेतिकडे चालतं.

हे नकोच असेल तर तयार डोव्हटेल पट्टी घेऊन बाकीचं घरी करा, त्यात काही कमीपणा नाही. किंवा माउंटच्या डोक्यात भोकं असतील तर डोव्हटेल सोडून पट्टी थेट बोल्टने आवळा. दुर्बीण कायम त्याच माउंटवर राहणार असेल तर याच्यासारखा ताठ जोड नाही.

सुतारपक्षी

प्लायच्या रिंगा वाचून फार आनंद झाला. लाकडाला उगाच कमी लेखतात. धातू वाजतो, लाकूड कंप पिऊन टाकतं. लाकडी पायांचे ट्रायपॉड निरीक्षकांना आवडतात ते काही उगाच नाही.

रिंगा करायची माझी पद्धत सांगतो. सगळ्यात आधी नळीचं माप. नळी सहसा पूर्ण गोल नसते, त्यामुळे व्हर्निअर दर ठिकाणी वेगळं सांगतो. कागदाची पट्टी नळीभोवती घट्ट गुंडाळा, टोक जिथे दुसऱ्या थरावर येतं तिथे धारदार पेन्सिलीने खूण करा, उलगडून मोजा आणि ३.१४१६ ने भागा. समजा ५१५ मिमी आले, तर व्यास १६३.९. मोजण्यात १ मिमीची गफलत झाली तरी व्यासात फक्त ०.३ मिमीचा फरक पडतो, यातच या पद्धतीची सगळी खुबी आहे. त्यात अस्तराची जाडी दोनदा मिळवा.

बाहेरचा आकार गोल करू नका, अष्टकोनी करा. खाली आणि वर पट्टी टेकायला सपाट बाजू आपोआप मिळतात. भिंत कुठेही ३० मिमीपेक्षा अरुंद नको. आतलं वर्तुळ राउटरला दांडी लावून कापा. दोन्ही रिंगा एकावर एक क्लँप करून एकत्रच कापल्या तर त्यांची केंद्रं आणि खालच्या बाजू जुळतात, नाहीतर नळी पट्टीला समांतर बसत नाही.

आणि क्रम महत्त्वाचा: आधी पूर्ण वर्तुळ, मग रिंग करवतीने दोन भागांत. करवतीच्या पात्याने दोन-तीन मिलिमीटर लाकूड खाल्लेलं असतं, तीच फट आवळायला कामी येते. आवळायचा बोल्ट प्लायच्या कडेत स्क्रूसारखा घालू नका, थर फाकतात. आडवं भोक पाडून त्यात बॅरल नट (दंडगोल नट) बसवा. शेवटी सगळ्या बाजूंनी वॉर्निश, भोकांच्या आतूनसुद्धा, कारण रात्री दव पडतं.

उत्तररात्र

सुतारपक्षी, दंडवत. दोन्ही रिंगा एकत्र कापायची युक्ती प्रत्येकाने वहीत लिहून ठेवावी.

अस्तराबद्दल माझा थोडा आग्रह आहे. जाड मऊ फेल्ट वापरू नका. एवढी मेहनत करून जोड ताठ करायचा आणि मधे गादी घालायची, यात अर्थ नाही. जेमतेम १ मिमीचं दाट फेल्ट किंवा पातळ कॉर्क पुरे. रंग खरवडू नये एवढंच त्याचं काम.

थरावरथर

थ्रीडी प्रिंटरने अख्खी रिंग छापली तर? माझ्याकडे प्रिंटर आहे, डिझाइनही तयार आहे.

चकलेथ

रिंग एकवेळ चालेल, मुख्य पट्टी नको. पीएलए या छपाईच्या प्लास्टिकचा गुणांक ३ गिगापास्कलच्या आसपास, ॲल्युमिनियमच्या वीस भागांत एक. त्यात पीएलए ६० अंश सेल्सिअसच्या जवळ मऊ पडतं. उन्हात बंद गाडीत ठेवलेली दुर्बीण त्या तापमानाच्या जवळ जाऊ शकते. पीईटीजी हे दुसरं प्लास्टिक ८० पर्यंत तग धरतं, पण आणखी लवचीक. आणि सतत आवळलेल्या बोल्टखाली प्लास्टिक हळूहळू सरकतं. आज घट्ट केलेला बोल्ट काही आठवड्यांनी ढिला लागतो.

फाइंडरचा (तारा शोधायच्या छोट्या दुर्बिणीचा) पाया, मोटरचं झाकण, केबलच्या पकडी, दवरोधकाचे चाप, यासाठी प्रिंटर झकास. छापताना थरांची दिशा बघा, ओढ थरांना आडवी आली तर कडकन सुटतात. आटे प्लास्टिकमध्ये पाडू नका, पितळी इन्सर्ट गरम करून बसवा.

थरावरथर

समजलं. मग रिंगा प्लायच्या, आणि छापायचा फक्त फाइंडरचा पाया. धन्यवाद.

दीर्घछाया

फोटो काढणाऱ्यांसाठी एक भर. हाच रोग गाइड दुर्बिणीच्या (फोटो चालू असताना एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंट सावरायला लावणाऱ्या छोट्या दुर्बिणीच्या) जोडात असेल तर फोटोत तारे लांबट येतात, आणि लोक माउंटच्या मोटरला दोष देत बसतात. गाइडर आलेखात सगळं छान दाखवत असतो, कारण तो स्वतःच मुख्य दुर्बिणीपासून हळूहळू ढळत असतो.

६५० मिमी नाभीय अंतर आणि ३.७५ मायक्रॉनचा पिक्सेल घेतला तर एका पिक्सेलला १.१९ विकला. गाइड दुर्बिणीचे दोन आधार १०० मिमी अंतरावर असतील आणि एक आधार १ मायक्रॉन दबला तर ती २ विकला ढळते. म्हणजे दीड पिक्सेलपेक्षा जास्त! तीन-तीन स्क्रूंच्या, टोकांना नायलॉन लावलेल्या त्या रिंगा यासाठी अजिबात योग्य नाहीत. गाइड दुर्बीण मुख्य दुर्बिणीच्या नेमक्या दिशेने रोखलेली असायची गरजच नसते, मग जुळवाजुळवीचे स्क्रू हवेत कशाला? दोन साध्या घट्ट रिंगा करून उत्तररात्र यांच्या वरच्या पट्टीवर बोल्टने आवळा. वरची पट्टी मात्र त्यासाठी ६ ची १० मिमी घ्यावी, असं सुचवेन.

उत्तररात्र

मान्य. मी फक्त डोळ्याने बघतो म्हणून ६ वर भागलं.

डॉबवाला

आमच्या डॉब्सोनियनमध्ये (जमिनीवरच्या लाकडी पेटीत फिरणाऱ्या साध्या दुर्बिणीत) पट्ट्याही नाहीत आणि रिंगाही नाहीत, म्हणून थोडं वेगळं. जॉन डॉब्सन आणि १९६८ मध्ये सुरू झालेली सॅन फ्रान्सिस्कोची साइडवॉक ॲस्ट्रॉनॉमर्स ही मंडळी फुटपाथवर लोकांना आकाश दाखवायची. त्यांच्या रचनेचा जीव दुर्बीण ज्यांवर सरकते त्या टेफ्लॉनच्या तुकड्यांत आहे. टेफ्लॉनचं स्थिर आणि चल घर्षण जवळजवळ सारखं असतं, त्यामुळे नळी सरकवताना आधी अडून मग झटका बसत नाही.

पण तुकड्याचं क्षेत्रफळ जुळलं पाहिजे. ढोबळ नियम चौरस सेंटिमीटरला १ किलो दाबाचा. वर २० किलो वजन असेल तर तीन तुकडे मिळून २० चौ. सेंमी, म्हणजे प्रत्येकी अडीच सेंमीपेक्षा किंचित मोठा चौकोन. अनेक तयार डॉब अडखळतात ते इथे. आणि तीनच तुकडे, बरोबर पायांच्या वर. तुकडा दोन पायांच्या मधे बसवला तर तळाची फळी लवते आणि आपण पुन्हा थरथरीवर येतो.

काटकोन

एक शंका. ॲल्युमिनियमची पट्टी आणि स्टीलची नळी, थंडीत आकुंचन वेगवेगळं. नळी ओढली जाणार नाही का?

उत्तररात्र

चांगला प्रश्न. तापमान १ अंशाने बदललं की ॲल्युमिनियम दशलक्षात २३ भाग बदलतं, स्टील १२ भाग. २२० मिमीवर १५ अंश उतरले तर फरक ०.०३६ मिमी. तेवढं अस्तर सोसतं.

वजनाचं विचाराल तर खालची पट्टी सुमारे ४३० ग्रॅम, वरची २१५. प्रतिभार (माउंटच्या दुसऱ्या बाजूचं तोल साधणारं वजन) वाढवावा लागतो. दांड्याच्या टोकाला हलकं वजन लावण्यापेक्षा अक्षाजवळ जड वजन लावा: तोल वजन गुणिले अंतराने ठरतो, पण जडत्व अंतराच्या वर्गाने वाढतं, आणि जडत्व जास्त तर थरथर थांबायला वेळ जास्त.

आणि दोन गोष्टी सोडू नका. पट्टीच्या वरच्या टोकाला एक अडक-बोल्ट बसवा, डोकं बाहेर राहील असा. सॅडलचा स्क्रू कधी ढिला झालाच तर पट्टी घसरून नळी जमिनीवर येण्याऐवजी तिथे अडकेल. नळीला भोक पाडायची वेळ आली तर आधी दोन्ही आरसे काढून झाकून ठेवा. धातूचा कीस आरशावर पडला आणि कुणी पुसायला गेलं तर लेपावर कायमचे ओरखडे उठतात.

नवखा_तारा

बोटाची कसोटी केली! नळी आणि पट्टीच्या मधे काही हालचाल नाही, माझ्याकडे रिंगा आहेत त्या ठीक वाटतात. पण सॅडल आणि पट्टीच्या फटीवर बोट ठेवून नळी हलवली की स्पष्ट जाणवतं, स्क्रू पूर्ण आवळलेले असतानाही. जास्त आवळलं तर पट्टीवर खड्डे पडतात. आता नवी पट्टी बनवू की सॅडल?

चकलेथ

अजून काहीच बनवू नका. पट्टीच्या खालच्या बाजूला मार्करची शाई पूर्ण फासा, वाळू द्या, सॅडलमध्ये बसवून आवळा, थोडी मागेपुढे सरकवा आणि काढून बघा. जिथे चकाकेल तिथेच ती टेकतेय.

नवखा_तारा

मधोमध रुपयाएवढा डाग चकाकतोय. दोन्ही टोकांची शाई जशीच्या तशी.

चकलेथ

मग सापडलं. सॅडलचा तळ मधे फुगलेला आहे, रंगाचा जाड थर असेल किंवा ओतकामच तसं असेल. पट्टी त्या फुगवट्यावर डोलतेय. स्क्रू कितीही आवळा, ती डोलणारच.

सपाट काचेच्या तुकड्यावर १२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा. तुकडा सॅडलच्या खाचेत मावेल एवढा अरुंद घ्या आणि धार आधी घासून मारा. त्याने तळ लांबीच्या दिशेने घासा, टोकांवर दाब न देता. फुगवटा गेला की मधला भाग कानशीच्या टोकाने अर्धा मिलिमीटर खोल करा आणि दोन्ही टोकांना २५ मिमीच्या सपाट जागा तशाच ठेवा. म्हणजे पट्टी दोन दूरच्या जागांवर टेकेल, मधे कधीच नाही. स्क्रूची टोकं आणि पट्टीच्या मधे पितळेची २ मिमीची पट्टी घाला, खड्डे पडायचे थांबतील आणि दाब पसरेल.

मग पुन्हा शाई लावून बघा. दोन्ही टोकांना घासलेली दिसली आणि मधली शाई शिल्लक राहिली की काम झालं. टिचकी मारून सेकंद मोजा आणि आधीचे-नंतरचे दोन्ही आकडे इथे टाका.